रेझिनचे मणी फुगले पाहिजेत

पेप्टाइडांच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्यांच्या, घन-प्रावस्था संश्लेषणाची (घन आधारावर साखळी घडवण्याच्या पद्धतीची) ओळख करून देताना बहुतेक लेखक आधारद्रव्याच्या अविद्राव्यतेवर सगळा भर देतात. वाढती साखळी पॉलिमरच्या, म्हणजे रेझिनच्या, मण्याला बांधलेली असल्यामुळे उरलेली रसायने नुसती गाळून आणि धुऊन काढता येतात, हे खरेच आहे. पण प्रत्यक्ष काम करणाऱ्याला सतत काळजी वाहावी लागते ती त्या मण्याच्या फुगण्याची.

ही पद्धत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील ब्रूस मेरिफील्ड यांची. कल्पना १९५९ ची, आणि चार अमिनो आम्लांच्या पेप्टाइडावरचा त्यांचा शोधनिबंध १९६३ चा. त्याआधी पेप्टाइडे द्रावणातच तयार केली जात. प्रत्येक बंध जोडल्यावर मिळालेला पदार्थ वेगळा करून शुद्ध करावा लागे, आणि साखळी लांबत गेली की ती पुष्कळदा कोणत्याच विद्रावकात नीट विरघळत नसे. मेरिफील्ड यांनी पहिले अमिनो आम्ल कार्बॉक्सिल टोकाकडून पॉलिमरला जोडले आणि पुढची एकामागून एक त्यावर चढवली. या कामासाठी त्यांना १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आधार म्हणून सेल्युलोजसारखे पदार्थ तपासून झाल्यावर ते स्टायरिन आणि डायव्हिनायलबेंझीन यांच्या सहबहुवारिकावर (दोन्ही मिळून बनलेल्या पॉलिमरवर) स्थिरावले. त्यातील डायव्हिनायलबेंझीन साखळ्यांना आडवे टाके घालते आणि त्यामुळे मणी विरघळत नाही. हे टाके जास्त झाले तर मणी कडक राहतो, अगदीच कमी झाले तर तो लगदा होऊन गाळणी तुंबवतो. आज सर्रास वापरले जाणारे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. असा मणी डायक्लोरोमिथेनमध्ये भिजवलेल्या साबुदाण्यासारखा टम्म फुगतो, तर मिथेनॉलमध्ये आक्रसतो. अमिनो आम्ल जोडण्याच्या जवळजवळ सर्व जागा मण्याच्या पृष्ठभागावर नसून आत, जाळ्यात असतात. सुमारे ५० मायक्रॉन व्यासाच्या एका मण्यात साधारण वीस हजार अब्ज साखळ्या एकाच वेळी वाढत असतात, आणि विद्रावक आत शिरला नाही तर त्यांच्यापर्यंत अभिक्रियाकारकही पोहोचत नाही. म्हणूनच रेझिन भिजवण्याच्या वेळेत काटकसर करणे मला मुळीच पटत नाही.

अविद्राव्यतेची किंमतही मोजावी लागते. रसायने धुऊन जातात, परंतु ज्या साखळीत एखादे अमिनो आम्ल जोडले गेलेच नाही, तीही मण्यालाच चिकटून राहते आणि शेवटी हव्या असलेल्या पेप्टाइडाबरोबरच बाहेर पडते. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली, तरी शंभर जोडण्यांनंतर निर्दोष साखळ्या फक्त ३७ टक्के उरतात, ९९.५ टक्के यश मिळाले तर ६१ टक्के. मेरिफील्ड आणि बर्न्ड गुट्टे यांनी १९६९ मध्ये १२४ अमिनो आम्लांचे रायबोन्यूक्लिएज हे विकर (एन्झाइम) याच मार्गाने घडवले तेव्हा ३६९ अभिक्रिया आणि स्वयंचलित यंत्राचे ११,९३१ टप्पे लागले. त्या पदार्थात विकराची क्रिया दिसली, पण शुद्धतेबद्दलचे आक्षेप रास्तच होते.

जोडणी पूर्ण झाली की नाही हे पाहण्यासाठी काही मणी काढून निनहायड्रिनबरोबर तापवण्याची कैसर चाचणी १९७० पासून आहे: मणी निळे पडले तर मोकळे अमिनो गट शिल्लक आहेत. (टोकाला प्रोलीन असेल तर मात्र या निळ्या रंगावर विसंबू नये; तिथे क्लोरॅनिल चाचणी बरी.) काही क्रमांत शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना चिकटतात, मणी आतून आवळला जातो आणि तोवर सुरळीत चाललेली जोडणी अडते. अशा वेळी पॉलिएथिलीन ग्लायकॉल असलेली रेझिने उपयोगी पडतात, कारण ती ध्रुवीय विद्रावकांत, अगदी पाण्यातसुद्धा, चांगली फुगतात. ती महाग असतात; म्हणून साध्या, लहान पेप्टाइडासाठी पॉलिस्टायरिनच घ्यावे, असे माझे मत आहे.

सध्या डायमिथिलफॉर्मामाइड या नेहमीच्या विद्रावकाचा पर्याय शोधला जात आहे, कारण ते प्रजननास घातक असल्यामुळे युरोपीय संघाने डिसेंबर २०२३ पासून त्याच्या औद्योगिक वापरावर निर्बंध घातले. नव्या विद्रावकाने संरक्षित (नको त्या जागी अभिक्रिया होऊ नये म्हणून झाकलेली) अमिनो आम्ले तर विरघळवली पाहिजेतच, शिवाय मणीही फुगवला पाहिजे. एन-ब्युटिलपायरोलिडोन हे विद्रावक यांपैकी बरेच काही साधते. मात्र ते डायमिथिलफॉर्मामाइडपेक्षा कितीतरी दाट आहे, त्यामुळे मण्याच्या आत पोहोचायला वेळ घेते आणि अभिक्रियापात्र थोडे गरम ठेवावे लागते.