गायनाच्या बाई

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवा, असं समितीचं पत्र आलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही, फक्त बाई. स्नेहसंमेलनं, विज्ञान प्रदर्शनं, कबड्डीचा संघ यांवर इतर जण लिहितीलच. गायनाच्या बाई म्हटलं की आडनाव सांगावं लागत नाही, म्हणून मीही सांगत नाही.

जिन्याशेजारच्या खोलीत आम्ही शिरायचो तेव्हा बाई तानपुरा लावत बसलेल्या असायच्या. चार तारा: पंचम, जोडीच्या दोन तारा, खर्ज. मग तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवायच्या. तो केसभर पुढे-मागे झाला की मघापर्यंत बसका वाटणारा आवाज एकदम उघडायचा आणि खोलीभर घुमायचा. ही जवारी, म्हणजे तारेची ती गुंजती आस, लागली की मगच हजेरी. मिरजेच्या मुलाला हा आवाज ओळखता आलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. २०२४ मध्ये आपल्या गावच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला सतारमेकर गल्लीच्याही आधी बाई आठवल्या.

शिकवायला त्यांनी घेतला भूप राग. सा रे ग प ध, मध्यम-निषाद (म, नि) वर्ज्य. पण पाच स्वर पाठ झाले म्हणजे राग आला, असं त्यांच्याकडे नव्हतं. शनिवारी सकाळच्या शाळेत त्या तेच पाच स्वर घेऊन देसकार हा वेगळाच राग म्हणायच्या आणि आम्ही चकित व्हायचो. भूपात गांधारावर (ग) विसावायचं, देसकारात धैवताला (ध) मान द्यायचा आणि गाणं वरच्या अंगाला ठेवायचं. कोणत्या स्वरावर किती थांबायचं, कुठून कुठे जायचं, यानं रागाचा चेहरा ठरतो, हे आम्हाला व्याख्येआधी कानांनी कळलं.

संमेलनाच्या तालमीतला एक प्रसंग मला लिहायचाच आहे. वरच्या वर्गातला मुलगा तबल्यावर मध्य लयीत सोळा मात्रांचा तीनताल धरून होता. बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, नवव्या मात्रेवर, म्हणजे तालातल्या ‘खाली’ला उचलायचा. बाईंनी अट घातली: समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, आठ मात्रा तुमच्या, सा रे ग हे तीनच स्वर वापरायचे, काय वाटेल ते गा, पण ‘खाली’ला मुखडा हातात पाहिजे. आम्ही एकामागून एक आठ मात्रांत मिळेल तेवढी सरगम कोंबली. मग पाळी आली शेवटच्या बाकावरच्या मुलीची. वर्गात तिचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता. तिनं षड्ज लावला, गांधारावर गेली, तो शांतपणे धरला आणि सोडून दिला. दोन-तीन मात्रा नुसता ठेका आणि तानपुरा. तिला पुढचं सुचलं नाही असं वाटून कोणीतरी हसलंसुद्धा. पण ‘खाली’ला तिनं मुखडा उचलला आणि चौदाव्या मात्रेला डाव्या हाताचा डग्गा पुन्हा बोलू लागला, तशी ती नेमकी समेवर येऊन उतरली. बाईंनी मांडीवरची टाळी थांबवली. म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी स्वर म्हटलेत. हिनं गांधाराची वाट पाहायला लावली. बढत, म्हणजे राग हळूहळू फुलवणं, इथून सुरू होते." आणि तिला पुन्हा गायला लावलं, त्याच तीन स्वरांत, पण पहिल्यापेक्षा वेगळं.

पुढे मोठमोठ्या गवयांचे विलंबित, म्हणजे संथ लयीतले, ख्याल ऐकताना मला हीच तालीम उपयोगी पडली. ऐन वेळी सुचलेलं गायचं, पण रागाची चौकट आणि समेचं भान सुटू द्यायचं नाही.

बाई गावाचा वारसाही अभिमानानं सांगत. गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेतच शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९३७ मध्ये गेलेले थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथल्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. उरुसातली गाणी ऐकायला त्या आम्हाला आवर्जून पाठवत.

आज कोल्हापुरात माझा स्वतःचा गायनाचा वर्ग आहे. संगीत विशारद ही परीक्षा उत्तीर्ण झाले, विद्यार्थी दर वर्षी परीक्षांना बसतात, दोघी-तिघी मैफलींतही गाऊ लागल्या आहेत. हे सगळं बाईंचं देणं आहे, असं मी प्रत्येक कार्यक्रमात सांगते.

मागच्या वर्षी शाळेत आले तेव्हा बाईंच्या खोलीत कपाटं रचलेली दिसली आणि वेळापत्रकात गायनाचा तास नव्हता. फार वाईट वाटलं. मोबाइलवरचा तानपुरा रियाजाला सोयीचा आहे, मीही तो वापरते. पण दोरा सरकवताना आवाज कसा उघडतो, हे मुलांना त्यात कुठून ऐकायला मिळणार? शाळेला मिरजेत बनवलेल्या तानपुऱ्यांची एक जोडी द्यायचं मी ठरवलं आहे. समितीनं खोली मोकळी करून दिली, तर दर शनिवारी सकाळच्या शाळेत एक तास घ्यायला मी येईन. त्या वेळचे तबलजी हे वाचत असतील, तर त्यांनीही समितीकडे नाव कळवावं. ठेका धरायला आपल्याच शाळेचा माणूस हवा.