आमची वाटचाल: तबेल्यातून दिवाणखान्यात

वडील टांग्यांच्या घोड्यांचं सामान शिवायचे. पुण्यात रिक्षा वाढल्या, टांगे गेले आणि आमचं काम रेसकोर्सकडे वळलं. जुलै ते ऑक्टोबर हा पुण्याच्या शर्यतींचा मोसम. तेव्हा तंग (खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा), लगाम, रिकिबीचे म्हणजे स्वाराच्या पायकड्यांचे पट्टे दुरुस्तीला येतात. नोव्हेंबरात घोडे मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर गेले की दुकानात माशा मारायच्या. त्या रिकाम्या महिन्यांनीच आम्हाला घरसजावटीत आणलं.

पहिलं काम आरशाचं. इंटिरियर करणाऱ्या एका ताईंना जड गोल आरसा चामड्याच्या पट्ट्यावर टांगायचा होता, पण पट्टा टिकेल याची खात्री वाटत नव्हती. आम्ही रिकिबीचा पट्टा शिवतो तसाच शिवून दिला. जॉकी रिकिबीत उभा राहून घोडा पळवतो, त्याचा भार असले दोन पट्टे घेतात. आरशाचं काय एवढं! मग कमरेचे पट्टे, बॅगांचे बंद, स्टुलांच्या बैठका अशी कामं येत गेली.

शिलाई मात्र खोगिराचीच ठेवली. मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर जातात. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. मशीनची शिलाई अशी टिकत नाही. वेळ लागतो, म्हणून किंमतही लागते. त्यावर घासाघीस आम्ही करत नाही.

घोड्याच्या सामानासारख्या या वस्तू बघून ‘हा परदेशी थाट’ असं कुणी म्हटलं की मला गंमत वाटते. चामड्याच्या महागड्या बॅगांसाठी प्रसिद्ध असलेली हर्मेस १८३७ साली पॅरिसमध्ये घोड्यांचं सामान करूनच उभी राहिली आणि इटलीच्या गुच्चीने १९५३ मध्ये लगामाची कडी बुटावर बसवली, हे खरं. पण जोधपुरी ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीच्या विजारी, १८९७ साली जोधपूरच्या सर प्रताप सिंगांच्या पोलो संघाबरोबर इथूनच इंग्लंडला गेल्या ना!

घोड्याचं तोंड छापलेल्या उशा आम्ही विकत नाही. त्यात घोड्याच्या सामानातलं काहीच नसतं. दारावर ठोकायला काळ्या घोड्याची नाल मागणारेही येतात. त्यांना नालबंदाकडे पाठवतो.

पुण्याचा मोसम चालू असताना सजावटीच्या ऑर्डरला उशीर होतो, हे आधीच सांगून ठेवतो. तबेल्यातून आलेला तुटका तंग त्याच दिवशी शिवून द्यावा लागतो.