सहा माणसं, तीन पार्क आणि रांगेचा हिशोब

सासूबाई-सासरे साताऱ्याहून आले की आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरातली प्रत्येक सहल आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होते. 2025 च्या जूनअखेर मुलांची शाळा सुटल्यावर ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं, तेव्हाही तसंच झालं. विमानाची तिकिटं झाली, तिथल्या हॉलीवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम आणि मॅजिक किंगडम या तीन पार्कची झाली, आणि नवऱ्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "हे लाइटनिंग लेनचं तेवढं तू बघ."

लाइटनिंग लेन म्हणजे पैसे भरून छोट्या रांगेतून आत जायची सोय. 1999 पासून फास्टपास होता तो फुकट होता. 2020 मध्ये पार्क बंद झाले, पुन्हा उघडले, पण तो काही परत आला नाही. आता दोन प्रकार. मल्टी पासमध्ये तीन राइडच्या वेळा आधीच धरून ठेवायच्या, प्रत्येकीला तासाभराची मुदत. सगळ्यात जास्त मागणी असलेल्या एक-दोन राइड मात्र त्यात बसत नाहीत, त्यांचा सिंगल पास वेगळा विकत घ्यायचा. भाव रोज बदलतो, पार्कागणिकही बदलतो, आणि तो माणशी असतो. मॅजिक किंगडमचा मल्टी पास त्या आठवड्यात माणशी वीस डॉलरच्या पुढे होता. गुणिले सहा.

"घेऊन टाक सगळ्यांना सगळं. आईबाबा काय परत परत येणारेत?" नवरा म्हणाला.

"रांगेत उभं राहायचे पैसे?" सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "पंढरपूरला आम्ही दर्शनबारीत रात्र काढलीय."

"आई, उभं न राहण्याचे पैसे आहेत हे."

"मग तर मुळीच नको."

पहिलं काम मी केलं ते मुलांची उंची मोजायचं. फ्रिजशेजारच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, पेन्सिलीची रेघ. थोरला, वय नऊ, एक्कावन्न इंच. धाकटी, वय पाच, एकेचाळीस. ती टाचा उचलत होती म्हणून तीनदा मोजलं, तरी एकेचाळीसच. या एका आकड्याने अर्धी यादी कापली. ट्रॉनला अठ्ठेचाळीस इंच लागतात, स्पेस माउंटन आणि फ्लाइट ऑफ पॅसेजला चव्वेचाळीस. म्हणजे तिथे सहा जणांचा प्रश्नच नाही. धाकटी बाद, आणि अशा राइडमध्ये सासूसासरे बसणार नाहीत हे सांगायला टेप लागत नव्हती. सहाचे तीन झाले.

मग मी एक वही केली. पार्कच्या ॲपवर रांगा किती मिनिटांच्या आहेत ते घरबसल्या दिसतं, त्यासाठी फ्लोरिडात असावं लागत नाही. आठवडाभर सकाळी अकरा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहाला बघून आकडे लिहून काढले. शेजारी आणखी एक रकाना: आमच्यातले किती जण बसणार. दोन्हींचा गुणाकार. पन्नास मिनिटांची रांग आणि बसणारे दोघे, म्हणजे शंभर. पन्नास मिनिटं आणि सहा जण, म्हणजे तीनशे. माझ्या आधी डोक्यात होतं की सगळ्यात थरारक राइडला पास घ्यावा. वहीने ते पहिल्याच पानावर खोडून काढलं.

सगळ्यात मोठा आकडा आला पीटर पॅन्स फ्लाइटचा. तीन मिनिटांची सुद्धा नसलेली, 1971 पासूनची जुनी राइड, ना जोरात जाते ना उलटी होते. तरी तासाची रांग! कारण साधं आहे. तिची जहाजं एवढीशी, दोन-तीन माणसांची. रिक्षा स्टँडवर तीन-तीन माणसं उचलली गेली तर रांग हलणार कशी? उलट पायरेट्स ऑफ द कॅरिबियन किंवा इट्स अ स्मॉल वर्ल्डच्या होड्या म्हणजे एस.टी.; एक लागली की फलाटावरची वीसेक माणसं गेली. हाँटेड मॅन्शनच्या गाड्या तर थांबतच नाहीत, साखळीसारख्या येतच राहतात. अशा ठिकाणी बाहेर गर्दी कितीही दिसो, पाय चालत राहतात. ज्या राइडमध्ये रांग उभीच राहते, तिथे पास. आणि मोठाल्या थिएटरमधले शो यादीत असले तरी त्यांना पास घेणं म्हणजे रिकाम्या एस.टी.चं रिझर्वेशन.

डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी बुकिंग मिळतं, आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना तीन. सकाळी सातला खिडकी उघडते. पहिल्या पार्कसाठी मी पावणेसातपासून टेबलाशी, एक मोबाइल माझ्याकडे, एक नवऱ्याकडे, मध्ये चहा. मल्टी पासच्या राइडचे तिथे दोन गट: वरच्या, म्हणजे जास्त मागणीच्या, गटातली एकच राइड घेता येते आणि खालच्या गटातल्या दोन. वरून मी स्लिंकी डॉग डॅश धरली. अडतीस इंच लागतात, म्हणजे दोन्ही मुलं चालतात, आणि तिची रांग बरीचशी उन्हात. तिथे मल्टी पास चौघांनाच घेतला. राइज ऑफ द रेझिस्टन्सचा सिंगल पास फक्त नवरा आणि थोरला, दोघांना. धाकटीची उंची तिथे पुरत होती, पण काळोखात मोठे आवाज आले की ती काय करते ते दिवाळीला बघून झालंय.

त्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. फ्लोरिडाचा जूनमधला पाऊस आपल्या वळवासारखाच, गडगडाट आधी आणि थेंब नंतर. जवळपास वीज असली की उघड्यावरच्या राइड थांबवतात, तशी आमच्या वेळेलाच स्लिंकी थांबली. मी अगदी हिरमुसले. पण राइड अशी थांबली की तुमचा पास आपोआप मोकळा होतो, त्याच दिवशी यादीतल्या दुसऱ्या राइडवर चालतो. तो टॉय स्टोरी मेनियाला लागला. सासूसासऱ्यांकडे पास नव्हता म्हणून ते साध्या रांगेतून आले, बाहेर पाऊस म्हणून आत गारव्यात उभं राहायला त्यांची ना नव्हती. 3डी चष्मा घालून दोरी ओढत नेम धरायचा. बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, गुण आमच्या सहाजणांत सगळ्यात जास्त. ते अजून सांगतात. (एडिसनच्या मंदिरात भेटलेल्या अनोळखी माणसांनाही.)

ॲनिमल किंगडमला मल्टी पास घेतलाच नाही. दार उघडायच्या वेळी पोचलो आणि थेट सफारी गाठली. सकाळच्या गारव्यात जनावरंही हिंडत असतात. फ्लाइट ऑफ पॅसेजचा सिंगल पास पुन्हा दोघांनाच. मी धाकटीला घेऊन बाहेर थांबले आणि दारावरच्या मुलीला रायडर स्विच मागितला. लहान मूल बसू शकत नसेल तर एक पालक जाऊन येतो, मग दुसरा छोट्या रांगेतून जातो, आणि त्याचे पैसे नाहीत. बरोबर कुणाला नेताही येतं, म्हणून थोरला दोनदा बसला.

मॅजिक किंगडम शेवटी ठेवलं होतं आणि तिथे मात्र सहाही जणांना मल्टी पास. मुलांचं मत टियानाज बायू ॲडव्हेंचरला होतं, पण तिथे भिजायचं, म्हणजे आजी-आजोबा नाहीत. मी वरच्या गटातून पीटर पॅन घेतली आणि घरात थोडा रुसवा ओढवून घेतला. दुसरी विनी द पूह, मुद्दाम सकाळी सव्वानऊची. ती काही फार खास राइड नाही, पण तीनपैकी एक पास वापरला की पुढचा घेता येतो, आणि तेव्हा वरचा-खालचा गट आड येत नाही. पहिला पास लवकर संपवायचा, ही गोष्ट मला पहिल्या पार्कला कळली नव्हती. तिथे मी तिन्ही वेळा दुपारच्या घेऊन बसले होते. इथे पूहच्या दारात मनगटावरचे पट्टे टेकवून आत शिरतानाच ॲपवर जंगल क्रूझ मिळाली, नंतर संध्याकाळचं स्पेस माउंटन.

पीटर पॅनबाहेर पाटी होती सत्तर मिनिटांची. आम्ही दहा-बारा मिनिटांत जहाजात. खाली लंडनचे दिवे, बिग बेन, चांदणं. सासूबाई धाकटीला धरून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "संपलं? एवढ्यासाठी पैसे भरलेस?" मी काही बोलले नाही. त्यांचा डावा गुडघा दुपारपर्यंत दुखतो की नाही, यावर माझं लक्ष होतं. दोन वाजता त्या जंगल क्रूझच्या होडीत स्वतःहून पुढच्या बाकावर जाऊन बसल्या.

रात्री आतषबाजी संपली आणि सगळा मॅजिक किंगडम एकदम बाहेर निघाला. पार्किंग तळ्यापलीकडे, तिथे जायचं बोटीने नाहीतर मोनोरेलने. धाकटी स्ट्रोलरमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेली, थोरला बाबांच्या खांद्याला रेलून उभा. बोटीच्या धक्क्यासमोर माणूस नि माणूस, पाऊल पुढे सरकत नव्हतं. सासूबाईंनी टाचा उचलून पुढे पाहिलं, मग माझ्या हातातल्या मोबाइलकडे.

"इथला पास नाही घेतलास होय गं?"