काही नाही, सहज आले
(माजी विद्यार्थिनी, दहावी १९९१)

स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा मैदान, घंटा, गॅदरिंग, मधल्या सुट्टीतल्या चिंचा असं पुष्कळ काही डोळ्यांपुढं आलं. ते बाकीचे लिहितीलच. मला मात्र एकाच व्यक्तीबद्दल लिहायचंय. पाचवी ते सातवी आपल्याला मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या, आणि अख्खी शाळा ज्यांना 'पादरीबाई' म्हणायची, त्या बाई. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते रुचलं नसतं, आणि आपल्या वेळच्या कुणाला ते सांगायची गरजही नाही.

बाईंचे यजमान फौजेत पादरी होते. आपल्या सातारा जिल्ह्यात फौज म्हणजे घरचीच गोष्ट. नाईक, हवालदार, सुभेदार हे शब्द आम्ही बोबडं बोलतानाच शिकलो. पण फौजेत पादरीही असतो, हे मला बाईंमुळे कळलं. पलटणीत पंडित असतात, ग्रंथी असतात, मौलवी असतात, तसेच पादरी. हुद्दा नायब सुभेदाराचा. पूजा-प्रार्थना हे तर त्यांचं काम असतंच, शिवाय इस्पितळातल्या जवानांना भेटायचं, शिक्षा भोगत असलेल्याच्या शेजारी जाऊन बसायचं आणि कुणी गेलं तर मयताला उभं राहायचं. या शेवटच्या कामामुळे काय व्हायचं, ते बाईंनी आम्हाला एकदाच सांगितलं. सातवीच्या वर्गात, बाहेर पाऊस लागला होता तेव्हा.

१९७१ च्या लढाईत त्यांचे यजमान पलटणीबरोबर पूर्वेच्या आघाडीवर होते. बाई मागे दानापूरला फॅमिली लाइनमध्ये. दानापूर हे बिहार रेजिमेंटचं केंद्र. शेजारपाजारी छोटा नागपूरकडच्या आदिवासी जवानांची कुटुंबं, त्यातली बरीच ख्रिस्ती. कुणाचा माणूस पडल्याची खबर आली की साहेबांच्या पत्नी बाईंना बरोबर घेऊन त्या घरी जायच्या. दोन-तीनदा असं झालं, आणि मग बाई नुसत्या नळावर निघाल्या तरी बायका दारं लावून घ्यायला लागल्या. पोरांना ओढून आत न्यायच्या. "मी चालत आले की लोकांना मरण चालत आल्यासारखं वाटायचं," बाई म्हणाल्या, आणि पुढं बराच वेळ बोलल्या नाहीत.

मग त्यांनी ठरवलं की रोज जायचं. काही कारण नसताना. रोज चार घरं. कुणाकडं हळद मागायची, कुणाच्या पोराचं नाक पुसायचं, कुणाला स्वेटरचे टाके दाखवायचे. दारात उभं राहून पहिलं वाक्य ठरलेलं: "काही नाही, सहज आले." महिन्याभरात दारं उघडी राहायला लागली. त्यांच्या सगळ्या सेवेचं मूळ मला त्या महिन्यात दिसतं.

यजमान निवृत्त झाल्यावर दोघं साताऱ्याला आली. ते इथल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक झाले आणि बाई आपल्या शाळेत लागल्या. रविवारी सकाळी त्या चर्चमध्ये पेटी वाजवायच्या. रेव्हरंड ना. वा. टिळक शेवटच्या काळात साताऱ्यात राहिले आणि १९१७ साली 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी इथंच सुरू केला, हे बाईंनी सांगेपर्यंत आम्हा सातारकर पोरांच्या गावीही नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जायच्या. उरलेल्या दिवशी संध्याकाळी फौजी घरं. शहरातली, आणि एसटीनं जाऊन-येऊन जमतील तेवढ्या खेड्यातलीही.

त्यांची खाकी कापडाची पिशवी आठवते? शिवण उसवली की त्या पांढऱ्या दोऱ्यानं पुन्हा घालायच्या, त्यामुळे कडेला पांढऱ्या टाक्यांची नक्षीच झाली होती. आत निळी आंतरदेशीय पत्रं, शाईचं पेन, गोंदाची बाटली आणि एक लांबट वही. वहीत पत्ते. आधी नंबर, मग हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी '५६ एपीओ', म्हणजे फौजेच्या टपालाचा ठरलेला पत्ता. लहानपणी मला वाटायचं की ५६ एपीओ हे फार मोठं गाव असणार, कारण सगळ्यांचे वडील तिथंच राहतात. ज्या बायकांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं बाई लिहायच्या. सांगणारी बोलेल तेच लिहायचं, आपलं एक अक्षर घालायचं नाही, हा त्यांचा नेम. माझ्या आईनं एकदा सांगितलं, "लिवा, म्हस आटली, बाकी समदं ब्येस." बाईंनी 'म्हस आटली' असंच लिहिलं. मी म्हटलं, बाई, 'म्हैस'. त्या म्हणाल्या, "तुझ्या वडलांना तिचा आवाज ऐकू यायला हवा. शुद्धलेखन आपण उद्या वर्गात बघू."

या जाण्यायेण्याचा अर्थ काहींनी वेगळा काढला. बाई लोकांना बाटवतात, अशी कुजबुज झाली. एका मुलानं घरी ऐकलेलं वर्गात सरळ विचारलं. बाई रागावल्या नाहीत. फौजेत सर्वधर्म स्थळ कसं असतं, ते त्यांनी सांगितलं. एकाच छताखाली मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च. पंडितजी रजेवर गेले की मंदिराची दिवाबत्ती यजमान बघायचे, आणि नाताळात पंडितजी यांच्याकडं केक खायला. "मी माझ्या प्रभूची सेवा करते, ती लपवत नाही," त्या म्हणाल्या, "पण तुझ्या आजीनं हाकललं तर मी परत येईन, आणि नाही हाकललं तरी येईन." आमच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या यायच्या. कुंकू लावून घ्यायच्या नाहीत, पण तिळगूळ आणि वाण दोन्ही हातांत घ्यायच्या. आजीला आधी ते खटकलं. पुढं आजीच त्यांच्यासाठी वाण बाजूला काढून ठेवायला लागली.

त्याच वर्षी बाई आम्हाला अपशिंगे मिलिटरीला घेऊन गेल्या. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक तिथं आहे. इतिहासाच्या सहलीत शिक्षक सनावळ्या सांगतात. बाईंनी एवढंच विचारलं, "या ४६ घरांत बातमी कुणी नेली असेल? आणि आलेला कागद वाचून कुणी दाखवला असेल?" आम्ही सगळे गप्प. माझ्या मनात तेव्हा काही आलं नाही. दोन महिन्यांनी आलं.

ऑक्टोबर १९८७. आपली शांतिसेना श्रीलंकेत होती, जाफन्याची लढाई पेटली होती, आणि माझे वडील तिथं होते. सहामाही परीक्षा चालू होती. भूगोलाचा पेपर सुटला आणि व्हरांड्यात माझा चुलतभाऊ सायकल धरून उभा दिसला. हातात तार. इंग्रजीत होती, आणि घरात-वाड्यात ती वाचता येईल असं कुणी नव्हतं. तो वाचून घ्यायला बाईंकडंच आला होता. बाईंनी तार उभ्यानंच वाचली. मग परत वाचली. मग तिसऱ्यांदा, एकेका शब्दावर बोट ठेवून. मग माझे दोन्ही खांदे धरून म्हणाल्या, "तुझे वडील जिवंत आहेत. हे आधी ऐक. जखमी आहेत, पायाला लागलंय. पण जिवंत आहेत."

पाचवारी साडी नेसलेल्या पन्नाशीच्या बाई त्या दिवशी सायकलच्या कॅरिअरवर बसून सहा किलोमीटर आमच्या गावी आल्या. मी पुढं दांडीवर. शेवटच्या चढाला आम्ही दोघी उतरून पळत गेलो. घरासमोर गर्दी जमली होती. तार म्हटल्यावर लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं होतं. आई ओट्यावर बसली होती आणि एका म्हातारीनं तिचा डावा हात दगडावर धरला होता. हिरव्या काचा मातीत पडल्या होत्या. उजवा हात अजून भरलेला होता.

बाईंनी चप्पल काढली नाही, उंबऱ्यापर्यंत थांबल्याही नाहीत. अंगणाच्या तोंडातूनच ओरडल्या, "जिवंत आहेत! पोरी, जिवंत आहेत तुझे मालक!" मी बाईंचा आवाज चढलेला त्या एकाच दिवशी ऐकला. आई त्यांच्याकडं बघतच राहिली. "खरं सांगा बाई, हायेत का न्हाईत?" बाईंनी तिच्या मांडीवर तार ठेवली आणि आईला अक्षर येत नसतानाही एकेक शब्द बोटानं दाखवून मराठीत सांगितला. जखमेचा शब्दही गाळला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा खाकी पिशवीत कागदात गुंडाळलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या होत्या. स्वतः कुंकू न लावणाऱ्या बाईंनी कासाराकडून माप सांगून आणलेल्या. आईचा हात हातात घेऊन त्यांनी एकेक चढवली. प्रार्थना करू का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "करा की." बाईंनी डोळे मिटले, ओठ हलत राहिले, आणि आजी देवघरापुढं हात जोडून बसली. घरात बांगड्यांचा तेवढा आवाज होता.

वडील आधी मद्रासला आणि मग पुण्याला आले. डावा पाय गुडघ्याखाली सुरुंगात गेला होता. पुण्यात फौजेचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ पासूनचं. तिथं त्यांना पाय बसवला. आईला घेऊन बाई तीन वेळा एसटीनं गेल्या. खंबाटकी घाटात आईला गाडी लागायची, बाई लिंबू घेऊन बसायच्या. वडलांजवळ मात्र त्या पाच मिनिटांच्या वर बसायच्या नाहीत. "तुम्ही दोघं बोला," म्हणून दुसऱ्या खाटांकडं जायच्या. एका कोपऱ्यात झारखंडाकडचा एक तरुण जवान कुणाशी न बोलता भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. बाईंनी त्याला "जोहार" म्हटलं आणि दानापूरला शिकलेल्या मोडक्यातोडक्या सादरीत, त्याच्या मुलखातल्या बोलीत, काहीतरी विचारलं. तो वळला. वडील सांगायचे, पुढं तासभर तो बोलतच होता, आणि बाई पत्र लिहीत होत्या. एक अक्षर आपलं न घालता.

आईला त्या हिवाळ्यात बाईंनी अक्षरं शिकवली. रात्री जेवणं झाल्यावर, माझ्या पाटीवर. तिचं पहिलं पत्र चार ओळींचं होतं आणि वडलांनी ते शेवटपर्यंत पाकिटात जपलं. काय लिहिलं होतं ते दोघांनीही आम्हाला कधी दाखवलं नाही.

बाई निवृत्त झाल्या. यजमान गेले. मुलगा परगावी, पण त्यांनी सातारा सोडलं नाही. पुढं दृष्टी गेली. मी तोवर शिक्षिका होऊन साताऱ्यातच नोकरीला होते. शनिवारी शाळा सुटली की त्यांच्याकडं जाऊन बायबलमधला शास्त्रपाठ वाचून दाखवायचे, त्यांना पाठच असायचा, एखादा शब्द गाळला की लगेच थांबवायच्या. एकदा मी मधल्याच वारी, भर दुपारी गेले. कडी वाजवली तशी आतून काठीचा आवाज थांबला.

"कोण?" त्या म्हणाल्या. "आज बुधवार ना? काय झालं गं?"

"काही नाही बाई," मी म्हटलं, "सहज आले."

आतून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग कडी निघाली.

"ये," बाई म्हणाल्या, "चहा टाक."