मेंदूचा पुरावा मागणारा रकाना

आघातोत्तर तणाव विकाराचे, म्हणजे ज्याला आता सगळे पीटीएसडी म्हणतात त्याचे, निदान होणे आणि त्यावर उपचार सुरू होणे हे दोन्ही टप्पे माझ्या बाबतीत विनासायास पार पडले; त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. रस्त्यावरच्या एका अपघातातून मी जवळजवळ न खरचटता बाहेर पडले, शेजारच्या आसनावरील व्यक्ती वाचली नाही, आणि पुढे काही महिन्यांनी माझी झोप, एकाग्रता आणि वाहनात बसण्याचे धैर्य एकामागून एक गेले. मनोविकारतज्ज्ञांनी दीर्घ मुलाखत घेऊन निदान केले आणि मानसोपचार सुरू झाले. घोडे अडले ते कामावरील दीर्घ रजेच्या काळात उत्पन्नाची भरपाई मिळावी म्हणून केलेल्या विमा दाव्यापाशी, आणि त्यातही अर्जातील एका रकान्यापाशी. त्या रकान्यात ‘मेंदूतील बदलाचा वस्तुनिष्ठ पुरावा’ मागितला होता आणि सोबत स्कॅनचा अहवाल जोडण्याची सूचना होती.

माझा एमआरआय झालेला होता. डोक्याला आतून मार लागला आहे का, हे तपासण्यासाठी तो केला होता आणि त्याचा निष्कर्ष ‘कोणतीही विकृती आढळली नाही’ असा होता. मी तो अहवाल प्रामाणिकपणे जोडला आणि त्याच अहवालाच्या आधारे दावा परत आला. त्रुटीपत्रातील भाषा सभ्य होती, पण तिचा अर्थ एवढाच होता की, मेंदू ठीक आहे, तर आजार कोणता? मी प्रत्यक्ष जाऊन विचारले तेव्हा छाननी करणाऱ्या गृहस्थांनी मला समजावणीच्या सुरात सांगितले की, या आजारात मेंदूतील एक भाग आकसतो असे त्यांनी स्वतः वाचले आहे, तर मग तो आकसलेला भाग अहवालात दिसायला हवा. अर्धवट माहितीशी वाद घालणे हे अज्ञानाशी वाद घालण्यापेक्षा कितीतरी कठीण असते, हे मला त्या खिडकीपाशी कळले, कारण त्यांनी वाचलेले खोटे नव्हते.

हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग आठवणीला स्थळ आणि काळ यांची चौकट देतो. १९९५ साली व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या आणि पीटीएसडी असलेल्या सैनिकांच्या मेंदूंची तुलना हा आजार नसलेल्या लोकांच्या मेंदूंशी केली गेली, तेव्हा सैनिकांमधील उजवा हिप्पोकॅम्पस सरासरी ८ टक्क्यांनी लहान आढळला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक संशोधन गटांची माहिती एकत्र करणाऱ्या अभ्यासात १,८६८ व्यक्तींचे स्कॅन होते, आणि तेथेही हिप्पोकॅम्पस लहान असल्याचेच दिसले, मात्र फरक बारीक होता. हे सगळे निष्कर्ष सरासरीचे आहेत. माझ्या डॉक्टरांनी दिलेला दृष्टांत मला पटला: दोन गावांतील लोकांच्या सरासरी उंचीत बोटभर फरक असला, तरी समोर उभ्या असलेल्या एकट्या माणसाची उंची मोजून तो कोणत्या गावचा आहे हे कोणी सांगू शकत नाही. एका रुग्णाच्या स्कॅनवरून पीटीएसडी आहे किंवा नाही, असे ठरवण्याची कोणतीही मान्य पद्धत आज अस्तित्वात नाही. निदान मुलाखतीवरूनच होते.

त्यातली आणखी एक गुंतागुंत मला नंतर कळली आणि ती मी त्या खिडकीवर मुद्दामच सांगितली नाही. २००२ सालच्या एका अभ्यासात युद्धावर गेलेले सैनिक आणि युद्धावर न गेलेले त्यांचे एकसारखे जुळे भाऊ यांची तपासणी झाली. ज्या सैनिकांना तीव्र पीटीएसडी होता, त्यांच्या घरी राहिलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहान निघाला. म्हणजे तो लहान असणे हा किमान काही अंशी आघाताचा परिणाम नसून आधीपासूनची दुर्बलता असू शकते. हे ऐकून ‘मग तुमचा आजार आधीपासूनचाच’ असा शेरा मारायला त्या विभागाला एक मिनिटही लागले नसते.

आकारापेक्षा कार्यातील बदल मला स्वतःला अधिक ओळखीचे वाटले. धोक्याची चाहूल घेणारा अमिग्डाला अतिसंवेदनशील होतो आणि त्याला आवर घालणारा, कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मध्यभाग पुरेसा काम करत नाही, असे चित्र अनेक अभ्यासांतून पुढे येते. ब्रेकचा आवाज ऐकताच माझे अंग आक्रसायचे, आणि तो आवाज शेजारच्या गल्लीतील सायकलचा आहे हे मला पूर्ण ठाऊक असूनही त्या ठाऊक असण्याचा काडीमात्र उपयोग होत नसे. शरीराला सावध ठेवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनची यंत्रणा दीर्घकाळ चढलेली राहते आणि झोप, दचकणे, चिडचिड यांवर त्याचा परिणाम होतो. कॉर्टिसोलचे मात्र उलटेच आहे. तणावाचे संप्रेरक म्हणून ते वाढलेले असेल असे कोणालाही वाटेल, पण पीटीएसडीच्या अनेक अभ्यासांत ते नेहमीइतके किंवा त्याहून कमी आढळले आहे. दुसऱ्या त्रुटीपत्रात माझ्याकडे कॉर्टिसोलच्या रक्ततपासणीची मागणी झाली तेव्हा ही माहिती कामी आली. कोणी अशी तपासणी मागितली, तर ती करून घेण्याआधी डॉक्टरांकडून लेखी मत घ्यावे, कारण सामान्य आलेला आकडा पुन्हा तुमच्याच विरोधात वापरला जातो.

दुसरा आक्षेप तारखांचा होता. अपघात आणि निदान यांत इतके महिने कसे गेले, असे त्यांनी विचारले. लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकल्याशिवाय हे निदान करताच येत नाही, आणि निकष पूर्ण होण्यास सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागला, तर त्याला विलंबित स्वरूप म्हणतात, हे दोन्ही मुद्दे ‘डीएसएम-५’ या निदानसंहितेतच नमूद आहेत. डॉक्टरांनी तेवढी दोन वाक्ये लिहून दिली आणि हा आक्षेप पुन्हा आला नाही. स्कॅनचे घोंगडे मात्र भिजतच राहिले.

ते सुटले ते एका पत्रामुळे, आणि त्या पत्राचा मला अजूनही अभिमान वाटतो, कारण त्यात काय हवे याचा मसुदा मी स्वतः करून नेला होता. पहिल्याच परिच्छेदात असे लिहिले होते की, हा एमआरआय डोक्याची इजा वगळण्यासाठी केला होता, पीटीएसडी शोधण्यासाठी नव्हे. त्यामुळे सामान्य अहवाल या निदानाशी विसंगत नाही. पुढे ‘कॅप्स-५’ या तीस घटकांच्या संरचित मुलाखतीचा निष्कर्ष होता, आणि ‘पीसीएल-५’ या वीस प्रश्नांच्या, ० ते ८० गुणांच्या प्रश्नावलीतील माझे गुण वेळोवेळी कसे बदलले याचा तक्ता होता. या प्रश्नावलीत साधारणपणे ३१ ते ३३ गुणांच्या पुढे पीटीएसडीची शक्यता धरली जाते. माझे सुरुवातीचे गुण ५० च्या वर होते. शेवटी, मला कोणते काम किती वेळ सलग करता येत नाही, हे सरळ शब्दांत होते. ‘वस्तुनिष्ठ पुरावा’ या रकान्यात आम्ही ‘पत्र पाहावे’ एवढेच लिहिले. छाननी करणारी व्यक्ती बदललेली होती आणि दावा मंजूर झाला. पत्रामुळे की बदलीमुळे, हे मी विचारले नाही.

हे आधीच सांगायला हवे होते: अर्जात घटनेचे सविस्तर वर्णन स्वतःच्या हाताने लिहून मागतात, ते उपचारांच्या सुरुवातीला एकटीने लिहायला बसू नये. मानसोपचारतज्ज्ञांनी मुलाखतीवरून तयार केलेला गोषवारा चालेल का, असे लेखी विचारावे. माझ्या बाबतीत तो स्वीकारला गेला. प्रत्येक कागदाची आवक शिक्क्याची प्रतही हवीच.

अखेरचा रकाना ‘पूर्ण बरे होण्याची अपेक्षित तारीख’ हा होता. माझे उपचार दीर्घ संपर्क पद्धतीचे होते. या पद्धतीत टाळलेल्या आठवणीला आणि प्रसंगांना सुरक्षित वातावरणात पुन्हा पुन्हा सामोरे जावे लागते. त्यातून जुनी भीती पुसली जात नाही. ‘हा आवाज आता धोक्याचा नाही’ असे नवे शिक्षण तिच्या शेजारी तयार होते आणि ते तिला आवरते. म्हणूनच नवा ताण आला किंवा परिसर बदलला की भीती पुन्हा डोके वर काढू शकते आणि त्याला उपचार फसले असे म्हणता येत नाही. १९९५ सालच्या एका मोठ्या अमेरिकी सर्वेक्षणात उपचार घेतलेल्यांमध्ये लक्षणे ओसरण्याचा मध्यक काळ ३६ महिने, तर उपचार न घेतलेल्यांमध्ये ६४ महिने आढळला होता, आणि एक तृतीयांशाहून अधिक लोकांमध्ये ती अनेक वर्षांनंतरही पूर्ण ओसरली नव्हती. अशा आजारात एक तारीख लिहिणे म्हणजे पुढच्या वादाचे बीज पेरणेच. डॉक्टरांनी तेथे तारखेऐवजी ‘सहा महिन्यांनी पुनर्मूल्यांकन’ असे लिहिले आणि त्यावर कोणीही हरकत घेतली नाही.