तुम्ही विचारलंत म्हणून: भाड्याने रँग्लर घ्यावी का?

सहलीला निघालेलं कोणी ना कोणी मला हे विचारतंच. भाड्याच्या गाड्यांच्या यादीत जीप रँग्लर दिसतेय, साध्या एसयूव्हीपेक्षा थोडी महाग आहे, घेऊ का? चालवायला कशी आहे? मी ती बरेचदा भाड्याने घेतली आहे, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी आधी एवढंच विचारते, दिवसातला बहुतेक वेळ किती वेगाने जाणार आहात? ताशी शंभरने हायवे कापायचा असेल तर दुसरी गाडी घ्या. खडबडीत वाटेने वीस-तीसच्या वेगाने जायचं असेल, तर मात्र तिच्यासारखी गाडी भाड्याने सहसा मिळत नाही.

हायवेवर पहिल्याच काही मिनिटांत लोक बिचकतात. आजकालच्या बहुतेक गाड्यांत पुढचं प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं. रँग्लरमध्ये पुढेही आणि मागेही डावं-उजवं चाक जोडणारा सलग, भक्कम अ‍ॅक्सल आहे. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही कळतं. स्टीअरिंगची रचनाही जुन्या पद्धतीची, रिसर्क्युलेटिंग बॉलची. त्यामुळे सरळ रस्त्यावरसुद्धा हात थोडे थोडे हलते ठेवावे लागतात, वाऱ्याचा झोत आला की जास्तच. गाडी बिघडलेली नसते, ती अशीच असते. स्टीअरिंग घट्ट आवळून धरलंत तर दमाल, सैल हाताने धरा आणि तिला थोडं हलू द्या. काच जवळजवळ उभी, छत सुटं होणारं, त्यामुळे वाऱ्याचा आवाज भरपूर. डाव्या पायाला टेकायला धड जागा नाही, लांबच्या प्रवासात ते फार जाणवतं. चार दारांची रँग्लर साधारण दोन टनांची, त्यात जाड नक्षीचे टायर, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा.

आता डांबर संपू द्या.

दगडधोंड्यांचा उतार आहे असं समजा. वेग जवळजवळ थांबण्याइतका कमी करायचा, गिअर न्यूट्रलला घ्यायचा, गाडी अगदी रांगत असताना गिअरशेजारचा लहान लिव्हर फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या स्थितीत ओढायचा. तो जरा जोर लावूनच ओढावा लागतो आणि खालून खणकन आवाज येतो, घाबरायचं नाही. फोर-लोमध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरपेटी, वेग आणखी २.७२ पट खाली आणते, खडकाळ वाटांसाठीच्या रुबिकॉन मॉडेलमध्ये ४ पट. मग पहिला गिअर टाकून दोन्ही पाय पेडलवरून काढून घ्या. गाडी माणसाच्या चालीने, इंजिनाच्याच जोरावर स्वतःला रोखत उतरते. ब्रेक दाबला की चाक अडकून घसरण्याची भीती असते, इथे ती बरीच कमी होते. खिडकीतून डोकं काढून पुढचं चाक बघा. ते दगडावर चढतं तेव्हा त्याच अ‍ॅक्सलचं दुसरं टोक खाली दाबलं जातं आणि तिकडचं चाक जमीन सोडत नाही. हायवेवर ज्या अ‍ॅक्सलने हैराण केलं, तोच इथे पकड देतो. रुबिकॉनमध्ये एक बटण दाबून पुढचा स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारी दांडी, सोडवता येतो, मग चाकं आणखी मोकळी होतात. मला ही गाडी मनापासून आवडते ती इथे. तिच्या हायवेवरच्या वागण्याला नावं ठेवणाऱ्यांना मी म्हणते, एकदा असा उतार उतरून या.

एक गोष्ट मात्र गाडी घेण्याआधी समजून घ्या, कारण काउंटरवर ती सांगतीलच असं नाही. बऱ्याच रँग्लरमध्ये फोर-हाय, म्हणजे नेहमीच्या वेगात चारही चाकांना जोर देणारी स्थिती, लावलं की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर जायचं असतं. वाळूत, चिखलात, बर्फावर चाकं थोडी घसरतात आणि तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, मग पीळ सगळा गिअर आणि शाफ्टमध्ये साठतो. वळताना गाडी अडखळते, लिव्हर अडकून बसतो, आणि असंच चालवत राहिलं तर मोडतोड होते. ‘जास्त सुरक्षित’ म्हणून हायवेवर फोर-हाय लावून जाणारे मी पाहिलेत. कोरड्या रस्त्यावर टू-हायच, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना. लिव्हरवर ‘फोर-हाय ऑटो’ लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, ते डांबरावरही चालतं.

आणि खरी अडचण गाडीत नाही, करारात आहे. जाहिरातीत गाडी खडकावर उभी असते आणि करारात कच्च्या रस्त्याला मनाई असते. ‘ऑफ-रोड’ आणि ‘कच्चा रस्ता’ यांत तुमची कंपनी फरक करते का, ते लेखी विचारा. गाडीच्या नुकसानीचा खर्च माफ करणारं कंपनीचं संरक्षण जादा पैसे देऊन घेतलं तरी टायर, काचा, गाडीचा खालचा भाग आणि पाण्याने झालेलं नुकसान बहुधा त्यात येत नाही. आइसलँडमधल्या ‘एफ’ रस्त्यांवर, म्हणजे डोंगराळ भागातल्या कच्च्या रस्त्यांवर, तर फोर-व्हील ड्राइव्हची गाडी असल्याशिवाय जाताच येत नाही, पण तिथेही नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर खर्च बहुतेकदा तुमचाच. रुबिकॉन ७६ सेंटीमीटर पाण्यातून जाऊ शकते हे खरं, पण ती कंपनीने सांगितलेली क्षमता आहे, विम्याची हमी नाही. वाळूत टायरची हवा कमी करण्याचा सल्ला सगळे देतात. परत भरायला पंप बरोबर असेल तरच करा, भाड्याच्या गाडीत तो सहसा नसतो.

छताबद्दलही लोक विचारतात. हार्ड टॉपचे पुढचे दोन तुकडे खटके फिरवून हातानेच निघतात, ते जरूर काढा. डोंगरातल्या सावकाश रस्त्यावर वर आभाळ मोकळं असण्यात जे सुख आहे, त्यासाठी वाऱ्याचा आवाज मी आनंदाने सोसते. दारं काढायचा मोह झाला तरी आधी करार बघा, कारण बाहेरचे आरसे दारांवरच असतात. सॉफ्ट टॉप असेल तर आत काहीही ठेवून जाऊ नका, कापड कापायला काही क्षण पुरतात.

गाडी ताब्यात घेताना वाकून खालून फोटो काढा, स्टेपनी मागच्या दारावर आहे आणि जॅक जागेवर आहे हे बघा, आणि तिथल्या माणसासमोरच लिव्हर एकदा फोर-लोमध्ये घालून बाहेर काढा. बरेच दिवस कोणी न वापरलेला लिव्हर जाम झालेला असू शकतो, आणि ते तिथेच कळलेलं बरं.