मांडावरची भीती

गोव्यातील पेडणे तालुक्यातील आमच्या गावात जत्रेच्या रात्री दशावतारी काला होतो आणि मला आठवते त्या वयापासून मी तो पाहत आले आहे. आड दशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, गणपती आणि सरस्वती येऊन गेल्या की पेटीचा सूर बदलायचा, झांजेची लय वाढायची आणि मंडपातल्या लहान मुलांमध्ये एकाएकी शांतता पसरायची, कारण यानंतर संकासुर येणार हे आम्हां सगळ्यांना ठाऊक असे. वेद पळवून नेणारा हा दैत्य आमच्याकडे अंगभर काळा वेश घालून, तोंडावर काळे वस्त्र आणि त्यातून लोंबणारी लाल जीभ घेऊन, प्रेक्षकांच्या मागच्या बाजूने अंधारातून यायचा. मी आजीच्या लुगड्यात तोंड खुपसत असे. त्या काळ्या वस्त्रामागे कोण आहे हे मला पुरते माहीत होते. दिवसा आमच्या कुळागरात नारळ पाडायला येणारे पाडेली काकाच ते काम करत आणि त्यांचा आवाज मी कुठेही ओळखला असता. तरीही भीती वाटायची, आणि पुढच्या वर्षी जत्रा जवळ आली की त्याच भीतीची मी दिवस मोजून वाट पाहायची.

माहीत असूनही घाबरायचे आणि घाबरूनही पुन्हा तिथेच जाऊन बसायचे, हे कोडे मला अजून सोडत नाही. भयपट, भयकथा आणि रात्री साडेदहाच्या भीतिदायक मालिका यांचा प्रेक्षक मुळात विकृत किंवा रिकामटेकडा असतो, असे म्हणणारी माणसे मला नेहमी भेटतात. मला ते मुळीच पटत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांमध्ये भयानकाला शृंगार आणि वीर यांच्या बरोबरीने जागा आहे, म्हणजे भीतीची चव घेता येते ही गोष्ट आपल्याकडे फार जुन्या काळापासून मान्य आहे. अभिनवगुप्ताने त्यावर भाष्य करताना भयानकाचे उदाहरण म्हणून एखादा राक्षस किंवा स्मशान घेतले नाही. त्याने शाकुंतलाच्या पहिल्या अंकातले, दुष्यंताच्या रथापुढे धावणारे हरीण घेतले. मान वळवून मागे पाहणारे, बाण लागेल या धास्तीने शरीराचा मागचा भाग पुढे ओढून घेणारे आणि दमून उघड्या राहिलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले गवत वाटेवर सांडत जाणारे ते हरीण पाहताना आपल्याला जी भीती जाणवते, ती ‘मी घाबरलो आहे’ अशीही नसते आणि ‘हा दुसरा कोणी घाबरला आहे’ अशीही नसते. ती कोणा एकाची राहत नाही, तिच्या आड काही विघ्न येत नाही, आणि म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो, असे त्याचे म्हणणे आहे. हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आजीचे लुगडे आठवले.

आजचे मानसशास्त्र हीच गोष्ट शरीराच्या बाजूने सांगते. अचानक आवाज झाला की विचार करण्यापूर्वीच मेंदू धोक्याची सूचना देतो, ॲड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, तळहात ओले होतात. आणि क्षणार्धात मेंदूचाच दुसरा भाग सांगतो की हे खरे नाही, तू खुर्चीवर बसलेली आहेस. शरीर पेटलेले आणि मन निश्चिंत, अशी ही अवस्था असते. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मिरचीच्या तिखटाबद्दल नेमके असेच म्हटले आहे, की जिभेला आग लागल्याची खबर शरीर देते, पण खरा धोका नाही हे आपण जाणतो आणि त्या जाणिवेतच मजा असते. पोर्तुगीजांनी समुद्रापलीकडून आणलेली मिरची ज्या भूमीने आपल्या आमटीत इतकी मुरवून घेतली, त्या गोव्यात हे उदाहरण फार समजावून सांगावे लागू नये. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका भुताटकीच्या घरात आलेल्या ११० प्रेक्षकांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फार कमी भीतीत मजा नव्हती, फार जास्त भीतीतही नव्हती. मध्ये कुठेतरी ती सर्वाधिक होती. माझ्या आजीने हे कोणत्याही यंत्राशिवाय साधले होते. मी खूपच घाबरले की ती पदर माझ्या डोक्यावरून ओढून घ्यायची आणि थोडी सावरले की स्वतःच तो बाजूला करायची.

मात्र मेंदूचे हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, कारण त्यात जागेचा विचार नाही. आमच्या लोककलांत ‘मांड’ नावाची गोष्ट असते. शिगमो, जागर, रणमाले हे खेळ कुठेही उभे केले जात नाहीत. गावात त्यासाठी ठरलेली, पूजलेली जागा असते, तिथे गाऱ्हाणे घालून खेळ सुरू होतो आणि तिथेच तो रीतसर संपवला जातो. भीतीचा आनंद मिळण्यासाठी असाच एक मांड लागतो, असे माझे ठाम मत आहे. ती जागा ठरलेली हवी, वेळ ठरलेली हवी, सोबत माणसे हवीत आणि शेवट कोणाच्या तरी हातात हवा. आमच्या संकासुराला शेवटी विष्णू मारतो, आणि त्याआधी तोच संकासुर भटजीशी मालवणीत असे काही बोलतो की मघाशी रडणारी मुले हसून लोळू लागतात. भीतीनंतर इतक्या लगेच हसू येते, कारण दोन्ही एकाच मांडावर उभी असतात.

नारायण धारपांच्या कथा मी शाळेत असताना गावच्या वाचनालयातून आणून कंदिलाच्या उजेडात वाचल्या, तेव्हा त्यांतल्या, दुष्ट शक्तींशी लढणाऱ्या समर्थांवर माझा केवढा भरवसा होता! जुन्या वाड्यातले ते दुष्ट अस्तित्व कितीही बळावले, तरी समर्थ येतील हे ठाऊक असल्यामुळे मी पुढचे पान उलटू शकत असे. पुस्तकाला अंगभूत मांड असतो, कारण ते मिटता येते. चित्रपटगृहाचा मांड अधिक मोठा. २०१८ मध्ये आलेला ‘तुंबाड’ पहिल्या वेळी फार चालला नाही. २०२४ मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला तेव्हा, घरबसल्या पाहता येत असूनही, लोक तिकीट काढून गेले आणि पहिल्यापेक्षा अधिक कमाई झाली. अनोळखी माणसांबरोबर अंधारात बसून एकाच क्षणी श्वास रोखण्यासाठी ते गेले, असे मला वाटते. त्या चित्रपटात हस्तर या राक्षसी देवतेपासून वाचण्यासाठी पिठाचे रिंगण आखतात. आत बसणाऱ्याने रिंगणाबाहेर पाऊल टाकायचे नसते. प्रेक्षकाची खुर्ची म्हणजे तसेच एक रिंगण आहे.

याच कारणासाठी समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘गोव्यातील झपाटलेल्या जागां’च्या याद्या मला मनापासून खटकतात. कासावलीच्या डोंगरावरील तीन राजांच्या चॅपेलचे उदाहरण घ्या. तीन पोर्तुगीज राजांपैकी एकाने इतर दोघांना विष घातले आणि मग स्वतःही जीव दिला, त्या तिघांची भुते तिथे फिरतात, असे त्या याद्या सांगतात. प्रत्यक्षात ते तीन राजे म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन ज्ञानी पुरुष, आणि ६ जानेवारीच्या फेस्ताला गावची मुले त्यांच्या वेषात घोड्यावर बसून तो डोंगर चढतात. असेच देवचाराचेही झाले आहे. तो आमच्या गावांचा राखणदार आहे. त्याला आम्ही रोट देतो, वहाणा वाहतो, आणि रात्री शेतातून येताना तो सोबत आहे या विचाराने माणसाला धीर येतो. त्याला नुसते भूत करून टाकले की भीती तेवढी उरते आणि भरवसा नाहीसा होतो. साळला होळीच्या पौर्णिमेपासून होणाऱ्या गड्यांच्या जत्रेत मी एक रात्र बसले आहे. अंधारात गडे, म्हणजे व्रतस्थ पुरुष, धावत सुटतात, त्यांतल्या काहींना देवचार लपवतो आणि पुन्हा आणून देतो अशी श्रद्धा आहे, आणि हजारो माणसे उघड्यावर, दबक्या आवाजात, पहाटेपर्यंत वाट पाहत असतात. तिला मी करमणूक म्हणणार नाही. पण तिथे माझ्या अंगावर आलेला काटा सुखद होता, आणि तो मांडामुळेच सुखद होता.

मांड नसलेली भीती मी एकदा अनुभवली आहे. २३ जुलै २०२१ रोजी सत्तरीत म्हादईचे पाणी घरांत शिरले, त्या दिवशी मी मामांकडे होते. पाणी अंगणातून वर येऊ लागले तेव्हा आम्ही कोणीही एकमेकांकडे पाहत नव्हतो. मामी डब्यांतले तांदूळ माळ्यावर चढवत होत्या, मामा गोठ्याचे दावे कापून आले, आणि मी हातात विजेरी घेऊन पायऱ्या मोजत उभी होते. त्या भीतीला कसलीही चव नव्हती. ती कधी संपेल हे सांगणारे कोणी नव्हते, आणि आपण पाहणारे आहोत की त्या हरणासारखे पळणारे, हा प्रश्नही उरला नव्हता. पाणी तिसऱ्या पायरीवर थांबले आणि ओसरले. नंतर कित्येक महिने त्या घरात कोणी त्याविषयी बोलले नाही.

आता बोलतात. चवथीला सगळे एकत्र जमतो, आरत्या संपतात, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली मुले गोळा होतात आणि त्यांतले कोणीतरी मामांना त्या पावसाची गोष्ट सांगायला लावते. मामा आवाज खाली आणतात, म्हादईचा घोष तोंडाने काढून दाखवतात, दावे कापतानाच्या क्षणाशी थोडे थांबतात. मुले एकमेकांना चिकटून बसतात आणि पाणी कुठवर आले ते पुन्हा सांगा म्हणतात. गेल्या चवथीला मामांनी ते चौथ्या पायरीपर्यंत चढवले. मामी आणि मी दोघीही तिथेच बसलो होतो, पण आम्ही काही बोललो नाही.